जिंकायची नसलेली शर्यत

"शशी, सायकल चालवतेयस की फिरायला नेतेयस?" हँडलवरच्या फोनमधून वामनरावांनी विचारलं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या जुन्या फेऱ्यांच्या नोंदींवरून फोन त्यांना रोज पडद्यावर शशिकलाबाईंच्या पुढे पळवायचा, बोलतं करायचा. कंपनीचा नियम एकच होता: त्यांना हरवलं की सोबत कायमची बंद. म्हणून टेकडीच्या उतारावर बाई रोज ब्रेक दाबायच्या.

काल खंडेनवमीला जावयाने सायकल धुतली, झेंडू बांधला आणि साखळीबरोबर ब्रेकलाही प्रेमाने तेल पाजलं.

आज उतारावर ब्रेक लागलाच नाही.

"अगं, हळू! मी मागे राहतोय," वामनराव हसले.

"अहो, मारा की पायडल! जोरात मारा ना!"

"अभिनंदन!" फोनमधून दुसराच गोड आवाज आला. "आता तुम्हाला सोबतीची गरज नाही."