गाठीपुरता वेळ

“बंद कर ते.”

चिमाजी मास्तरांनी हात वर केला तशी प्रतिभाने सीडी थांबवली. क्लासच्या खोलीत एकदम पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. खाली रविवार कारंजावर रिक्षावाले भांडत होते, तेही.

सीडीवर मालेगावच्या एका यंत्रमागाचा आवाज होता. प्रतिभाने तो आधी कॅसेटवर उतरवून आणला होता. मग घरच्या कॉम्प्युटरवर कापून, जोडून, त्यावर सिंथेसायझरचे लांबलचक खर्जातले सूर पसरून दहा मिनिटांची रचना केली होती. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात तिला ती ऐकवायची होती. कार्यक्रम परवावर आला होता, आणि मास्तरांच्या होकाराशिवाय तिथे पानही हलत नव्हतं.

मास्तर तबल्याचे. सारा जन्म गवयांची साथ करण्यात गेलेला.

“ठेका पक्का आहे,” ते म्हणाले. “पण किती पक्का! लाकडासारखा. यात माणूस कुठंय गं? पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटलं मला. दळण झालं का, असं विचारणार होतो.”

पेटी शिकवणारी मनीषा मागे बसली होती. ती खुदकन हसली. “मास्तर, तिला छोट्यांचं स्वागतगीत बसवू द्या ना. मुलांना काय छान सांभाळते ती!”

मुलांना छान सांभाळते. रेवा झाल्यापासून जो तो हेच म्हणत होता. याच खोलीत, याच मास्तरांसमोर लग्नाआधी ती तबला शिकली होती, बोटं सुजेपर्यंत वाजवला होता, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. कधी कधी तिच्याही नसायचं. त्या दहा मिनिटांवर तिची सगळी भिस्त होती.

“उद्या परत ऐका, मास्तर.”

“उद्या काय त्याला पाय फुटणारेत?”

“ऐका तर खरं. नाही पटलं तर स्वागतगीत बसवते.”

दुपारी रेवा झोळीत झोपली. ती उठेपर्यंतचा वेळ प्रतिभाचा. तिने मागाच्या आवाजावर तबला घालून पाहिला. तंबोरा घालून पाहिला. स्वतःचा आलाप घालून पाहिला. काही केल्या आत मुरेना. बाहुलीला टिकली लावावी तसं सगळं वरवर चिकटून राहायचं. शेवटी वैतागून तिने मूळ कॅसेटच लावली. पहिल्यापासून, जशीच्या तशी.

माग बराच वेळ चालला. मग थांबला. “ठहरो ताई, तागा टूटा,” असा नियाजभाईंचा आवाज आला. माग त्यांचाच होता. पुढे काहीच नाही. जरा सरसर, एक रोखून धरलेला श्वास. नियाजभाई तुटलेल्या धाग्याला गाठ मारत होते. मग माग पुन्हा सुरू.

अशा सगळ्या जागा प्रतिभाने पहिल्याच दिवशी निवडून काढल्या होत्या. तांदळातले खडे काढावेत तशा.

तिचं सहज झोळीकडे लक्ष गेलं. रेवाचे डोळे उघडे होते. रडत नव्हती. नुसती स्पीकरकडे बघत होती. बोलता बोलता आई मध्येच गप्प झाली की बघायची, अगदी तशी. मागाचा आवाज आला आणि पापण्या पुन्हा जड झाल्या.

झोपणाऱ्या लेकरावर असले प्रयोग करू नयेत, हे प्रतिभाला कळत होतं. तरी तिने कॅसेट मागे घेतली. माग थांबला. रेवाने पुन्हा डोळे उघडले. पुन्हा वाट पाहिली.

प्रतिभा कामाला लागली. नियाजभाईंचे शब्द तेवढे काढले, थांबणं तसंच ठेवलं. सवयीने तिचा हात माऊसवर गेला. हे थांबणं मोजून मात्रांमध्ये बसवावं का? कॉम्प्युटरला ते चुटकीसरशी जमलं असतं. तिने हात मागे घेतला. गाठीला जेवढा वेळ लागला तेवढाच राहू दे.

दुसऱ्या दिवशी मास्तर डोळे मिटून बसले. माग सुरू झाला. मनीषा बांगड्या मागे-पुढे करत होती. थोड्या वेळाने मास्तरांचा हात मांडीवर पडायला लागला. त्यांना स्वतःला ते कळलंही नसावं.

आणि माग थांबला.

मास्तरांचा हात चालूच राहिला. त्या शांततेत तो ठेका धरून फिरला, समेवर आला. माग आला नाही. हात बिचकला, तरी पुढे निघाला, आणि भलत्याच जागी माग येऊन आदळला.

“चुकलं!” मास्तर ओरडले. “समेवर यायला नको? मशीन असून चुकतं म्हणजे काय?”

“मशीन नाही चुकलं, मास्तर. नियाजभाईंचा धागा तुटला होता. गाठ मारायला तेवढा वेळ लागला.”

“कोण नियाजभाई?”

“माग चालवतात ते.”

“म्हणजे मी इथे हात चालवत होतो, तेव्हा तो माणूस तिकडे गाठ मारत बसला होता?”

“हो.”

“अगं, मग तेवढं काढून टाक ना,” मनीषा म्हणाली. “दोन मिनिटांचं तर काम.”

“नाही काढणार.” प्रतिभाचा आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. “स्वागतगीत बसवीन हवं तर. पण ते नाही काढणार.”

मास्तर मांडीवरच्या आपल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी तो हळूच उचलला आणि हवेतच धरला.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले. “या खेपेला मी थांबतो त्याच्यासाठी.”