दोन गोळ्या कमी

"अठराच हायत," साक्षी म्हणाली. "दहा तारखेला वीस उरायला पायजेत."

तिच्या धाकट्या भावानं, प्रसेनजीतनं, पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. "परत मोज. तू मोजलंस म्हंजे दोन इकडं तिकडं व्हणारच."

हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. साक्षी सव्वीस वर्षांची, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. गेल्या वर्षी तिनं दोन बाटल्यांवरच्या नावांची अदलाबदल केली आणि मालकांनी शेवटची ताकीद दिली. त्यानंतर ती मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडं गेली. शाळेतली प्रगतिपुस्तकंसुद्धा बघून बाईंनी एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार असल्याचं सांगितलं आणि गोळी सुरू केली. "घरात आणखी कुणी असं आहे का? विसराळू, एका जागी न बसणारं?" त्यांनी विचारलं, तेव्हा आईवडील दोघंही प्रसेनजीतकडं बघून हसले होते.

गोळीचे नियम कडक होते. रोज सकाळी एक. दर महिन्याला रक्तदाब तपासायचा. स्वतःची गोळी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, अगदी घरातल्यालाही नाही. शिवाजी पेठेतला मेडिकलवाला चिठ्ठीची एक प्रत ठेवून घ्यायचा आणि महिना भरल्याशिवाय एक गोळीसुद्धा जास्त द्यायचा नाही. म्हणजे गोळ्या कमी पडल्या की महिन्याचे शेवटचे दिवस बिनगोळीचे जाणार. त्यात पुन्हा एखादी बाटली चुकली की नोकरी गेलीच. वर डॉक्टरीणबाई विचारणार ते वेगळंच, "विकल्यास का गं?"

गेल्या महिन्यात गोळ्या कमी पडल्या तेव्हा साक्षीनं स्वतःलाच दोष दिला होता. या महिन्यात ती रोज मोजत होती. चार तारखेला एक गेली, नऊला दुसरी. दोन्ही तारखांना तिनं कॅलेंडरवर गोल केले होते.

गोळ्यांच्या डब्याला कुलूप होतं. किल्ली साक्षीच्या हातात टिकत नाही, म्हणून ती आईच्या, मीनाबाईंच्या, शिलाई मशीनच्या खणात असायची. हे प्रसेनजीतला ठाऊक होतं.

आणि प्रसेनजीत अलीकडं बदलला होता. एरवी तासभर एका जागी न टिकणारा हा पठ्ठ्या भरतीच्या परीक्षेसाठी अभ्यासिकेत दहा दहा तास बसत होता. मागं एकदा त्यानं विचारलंही होतं, "ताई, ह्या गोळीनं अभ्यास हुतोय व्हय?"

घरातलं वातावरण असं नासलं होतं. मीनाबाईंनी मात्र कंबर कसली होती. वर्षवर्ष गाठोड्यात पडलेली ब्लाऊजपिसं भराभर शिवून होत होती. पूर्वी शेजारणी कपडे मागायला येऊन भांडायच्या, आता चहा पिऊन जात होत्या.

"आई, तुला काय झालंय गं?" साक्षीनं विचारलं.

"तुमच्या भांडणाचा ताप, दुसरं काय? हात चालू असला की डोकं गप ऱ्हातंय."

तो ताप दिसतच होता. त्यांचा रक्तदाब आधीपासूनचा, तो आता आणखी चढला होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. "टेन्शन घेऊ नका मावशी," ते म्हणाले. साक्षीला भावाचा आणखीच राग आला.

सतरा तारखेला तिसरी गोळी गेली. संध्याकाळी साक्षीनं प्रसेनजीतची पिशवी फरशीवर उपडी केली. पेनं, नोट्स, शेंगदाण्याचा लाडू. गोळी नव्हती.

"खाल्लीस न्हवं? आता कुठनं सापडायची?"

"ताई, त्वांड सांभाळून बोल."

"हे बघ, माझी नोकरी जाईल. आणि ती गोळी तुझ्यासाठी न्हाय. डॉक्टरनं तपासल्याबिगर खाल्लीस तर काळजावर ताण येतोय. कळतंय काय तुला?"

वडील, यल्लाप्पा, दारातूनच ओरडले, "डोक्याच्या गोळ्या घरात आणल्या, तवाच घर बिघडलं!"

"त्यानं न्हाय घेतल्या," मीनाबाई मशीनवरून म्हणाल्या.

"तुला काय म्हाईत? तू त्याचीच बाजू घेणार!" साक्षी आईवर उखडली.

मीनाबाईंनी मान खाली घातली आणि टीप मारायला सुरुवात केली. प्रसेनजीतनं पिशवी भरली आणि मलकापूरला आत्याकडं निघून गेला. परीक्षा आठ दिवसांवर होती.

पुढचे चार दिवस गोळ्या बरोबर भरल्या. साक्षीला वाईट वाटत होतं, पण संशय खरा ठरला याचं समाधान त्याहून मोठं होतं. तिनं प्रसेनजीतला फोन केला नाही.

बावीस तारखेला दुपारी लॅबमध्ये यल्लाप्पांचा फोन आला. मीनाबाई मशीनवरच कोसळल्या होत्या. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. यल्लाप्पा म्हणाले, "रक्तदाबाचा वरचा आकडा दोनशेच्या वर गेलाय म्हंत्यात. डॉक्टर इचारत्यात, नवीन काय औषध चालू हाय काय? घरातनं तिच्या सगळ्या गोळ्या घिऊन ये."

"नवीन काय न्हाय, बाबा. रक्तदाबाचीच हाय. आले मी."

साक्षी धावत घरी आली. कपाटात रक्तदाबाची पाकिटं नव्हती. तिनं मशीनचा खण ओढला. पाकिटं तिथंच होती, डब्याच्या किल्लीशेजारी. त्यांच्याखाली मापं लिहायची वही उघडीच पडली होती. पानावर गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं, मापंही नव्हती. आईच्या वाकड्या अक्षरात नुसत्या तारखा होत्या.

४ – एक. सहा ब्लाऊज झाले.

९ – एक. दूध उतू गेलं न्हाय.

१७ – एक. प्रसेनला बोल लागला. आता बास.

२२ – एक. डोकं गप हाय. बाकीच्या बायकास्नी रोजच असं वाटतंय व्हय?