माहुलचे चौदा नंबर

"चौदा नंबर संपले कसे? माणसं तर आठच आहेत तिथे!"

कंपनीचे साहेब हर्षद सर दिंडोशीच्या ऑफिसातून ओरडत होते आणि माहुलच्या ऑफिसात जान्हवीने फोन कानापासून हातभर लांब धरला होता.

मासळी पुरवणाऱ्या कंपनीची चार ऑफिसं. कुठल्या ऑफिसातल्या यंत्रांना नेटवर्कवर येण्यासाठी किती नंबर द्यायचे, लॉगिन करताना कोणी कुठल्या सर्व्हरला 'हा आपला माणूस का' असं विचारायचं, ही सगळी आखणी जान्हवीची. तिची सहा महिन्यांची कच्ची नोकरी आज संपत होती. आखणी चालली तर पक्की, नाही तर नमस्कार! दिंडोशी, मुलुंड, कांजूरमार्ग झकास सुरू झाले. माहुलने मात्र वाट लावली. नऊ वाजले तरी नंबर मिळेना म्हणून आठही कॉम्प्युटर अडून बसलेले.

तिने नोंद उघडली. चौदाही नंबर सकाळी सहालाच गेले होते, तेही मोबाइल फोनांना.

"मावशी, वायफायचा पासवर्ड कोणाला दिलात?" तिने माहुल सांभाळणाऱ्या अंजनाबाईंना विचारलं.

"मासळी निवडायला येतात त्या बायांना. पत्र्याच्या शेडमदी रेंज कुठं हाय?" अंजनाबाई निवांत म्हणाल्या.

सरांनी ते फोनवरून ऐकलं. "आधी ते बाहेरचे फोन तोड!"

तिने तोडले. दोन मिनिटांत आठही कॉम्प्युटर सुरू. जान्हवीला इतका आनंद झाला की मनातल्या मनात तिने अख्ख्या कॉलनीत पेढे वाटून टाकले.

साडेदहाला पुन्हा फोन. "अगं, माहुलहून येणारा आजचा मासळीचा भाव कुठाय? हॉटेलवाले खोळंबलेत. भाव आल्याशिवाय एक गाडी हलत नाही इथून!"

जान्हवीने अंजनाबाईंकडे पाहिलं.

"आता कसा येल भाव?" त्या म्हणाल्या. "हिचं माहेर वेसाव्याला, तिचं मढला, आणखी कोणाचं उरणला. नवानंतर होड्या लागल्या की जी ती माहेरी फोन लावते, कुठल्या बंदरावर काय उतरलं ते इचारते. त्यावरून मी तुमचा भाव काढते. पोरी, ते फोन तर तू तोडलेस."

"किती जणी आहेत?"

"चाळीस."

मावशींवर ढकलणं सोपं होतं, पासवर्ड त्यांनीच वाटला होता. तोंडावर आलंही होतं तिच्या. पण खरं सांगायचं तर आजच्या आधी तिने माहुलमध्ये पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं, दिंडोशीत एसीत बसून आखणी केली होती.

"सर, चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी पगाराचा कागद बघून माणसं मोजली, इथे येऊन मोजलीच नाहीत. माहुलला आठ नाही, अठ्ठेचाळीस माणसं आहेत. तो भाव त्या चाळीस जणींच्या फोनवरून येतो. त्या बाहेरच्या नाहीत."

जान्हवीने डोळे मिटून घेतले. गेली नोकरी!

"लागतील तेवढे नंबर दे," सर अखेर म्हणाले. "आणि आपल्या माणसांच्या यादीत नवीन एक्केचाळीस नावं घाल."

"चाळीस, सर."

"एक्केचाळीस. तुझं धरून."