काचेवरचं कौतुक

दसऱ्याच्या सेलसाठी उमाकांतने फ्रिजवर सव्वीस हजारांची चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर लाल रेघ मारली आणि खाली बावीस हजार लिहिले. आदल्या आठवड्यात तोच फ्रिज शोरूममध्ये वीस हजारांना होता.

"चार हजार वाचले की," लोखंडेबाई पर्स उघडत म्हणाल्या. लेकीच्या संसाराला फ्रिज घ्यायचा म्हणून त्यांनी अंगठी मोडली होती. बोटावर तिचा पांढरा वळ तेवढा उरला होता. उमाकांतची नजर त्या वळावर गेली. "मावशी, उलट दोन हजार जास्तीचे जातायत," तो हळूच म्हणाला. "सेल संपल्यावर या."

सेल संपल्यावर बाई आल्या आणि वीस हजारांत फ्रिज घेऊन गेल्या. त्याचे उपकार फेडायचे म्हणून त्यांनी लेकीला मोबाईलवर शोरूमला पाच स्टार द्यायला लावले आणि खाली लिहायला सांगितलं, 'उमाकांतसारखा प्रामाणिक सेल्समन शोधून सापडायचा नाही. सेलचे भाव खोटे असतात, हे त्यानेच मला सांगितलं.'

मॅनेजरने ते वाचलं आणि त्याच दुपारी उमाकांतच्या अंगावरचा शोरूमचा टी-शर्ट काढून घेतला.

दिवाळीच्या तोंडावर काम शोधत फिरताना तो शोरूमसमोरून गेला. दाराच्या काचेवर त्याचाच हसरा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत बाईंचं पहिलं वाक्य. दुसरं गाळलं होतं. आत फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर पुन्हा लाल रेघा आल्या होत्या. फोटोसमोर उभा राहून एक म्हातारा बायकोला म्हणत होता, "इथंच घेऊ. हा माणूस आपल्याला फसवायचा नाही."