एकतीस मरणं

लेक भुवनेश्वरी उजवली त्या साली, तिच्या हळदीच्या मांडवातच सिद्धरामनं आईला सांगितलं, की यापुढं तो पडद्यावर मरणार नाही.

बाळाबाई नातीच्या पायाला हळद लावत होती. तिचा हात थांबला.

"का रं? काम द्यायचं बंद केलं व्हय तुला?"

"काम हाय, आये. पर आता माझा सोताचा पिक्चर काढतोय. मीच डायरेक्टर."

"मग त्यात मर की. आता तर तुला इचारणारा बी कोण न्हाय."

बायका हसल्या. बाळाबाई हसली नाही.

सिद्धराम चार वर्षांचा असताना मेंढरांमागं खेळताना त्याच्या डोक्याला कावळा शिवला होता. कावळा शिवला की त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी पाव्हण्यांना धाडायची. पाव्हण्यांनी ती खरी मानून रडायचं. रडणं ऐकून मरण माघारी जातं, अशी त्यांच्यात रीत. बातमी नातेपुत्याला गेली. बिरप्पामामा एसटीतून उतरला तो ऊर बडवतच. अंगणात भाचा गूळ खात बसलेला. मामानं आधी त्याला कवटाळलं, मग बहिणीला मनसोक्त शिव्या घातल्या. पण त्या साली पोराला साधा तापही आला नाही. बाळाबाईनं ते मनात पक्कं धरलं.

पुढं सिद्धराम मुंबईला गेला, नट झाला. उंच हाडं, रापलेला चेहरा. त्याला मरायचीच कामं मिळाली. कधी गोळी खाऊन, कधी सुरा खाऊन, कधी विहिरीत पडून. बावीस वर्षांत तो एकतीस वेळा मेला. बाळाबाईनं एकही मरण चुकवलं नाही. सांगोल्याच्या टॉकीजात पहिल्यांदा तिनं असा हंबरडा फोडला, की मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, "आवो आजी, खोटं हाय ते!"

"म्हाईत हाय की मला," ती म्हणाली. "खोटं हाय म्हणूनच रडती. खऱ्याला रडून काय उपेग?"

सिद्धरामला आधी लाज वाटायची. नंतर तोच फोन करायचा. "आये, शुक्रवारी मरतोय गं. दुसरी काय कामं काढू नकोस."

दिवाळीनंतर त्याचा पिक्चर गावच्या माळावर सुरू झाला. माणसं सात, कॅमेरा भाड्याचा. सगळ्यांचा स्वयंपाक सुनेच्या, वैजयंतीच्या गळ्यात. घाटाखाली मेंढरं घेऊन गेलेला धनगर पावसाळ्याच्या तोंडावर घरी परततो, एवढीच गोष्ट. धनगराचं काम करणारा नट ऐनवेळी मालिकेला गेला. मग सिद्धरामनंच खांद्यावर घोंगडं टाकलं. दोन वाक्यं झाली की तो दगडावर बसायचा. कॅमेरावाला धनाजी म्हणायचा, "सायेब, दमानं घ्या." बाळाबाईला वाटायचं, डायरेक्टर होणं नटापेक्षा जड असावं.

तिनं मात्र हट्ट सोडला नाही. रोज ताटावर तेच. "दोन मिनिटं मर. जास्त न्हाय म्हणत मी."

शेवटच्या दिवशी तो कंटाळून हो म्हणाला. बाभळीखाली आडवा झाला. डोळे मिटले. मेंढरं आजूबाजूला चरत राहिली. बाळाबाई कॅमेऱ्यामागं उकिडवी बसून बघत होती. वैजयंती पदरात तोंड घालून घराकडं निघून गेली. बाळाबाईच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. रडणं ती पडद्यासाठी राखून ठेवत होती.

"कट," सिद्धराम पडल्यापडल्याच म्हणाला. मग बऱ्याच वेळानं हात टेकून उठला, घोंगडं झटकलं, आणि मेंढरांना हाळी देत टेकाड चढू लागला. धनाजीनं कॅमेरा बंद केलाच नव्हता.

पिक्चर जोडायला तो पुण्याला गेला. माघात परत आला तेव्हा सदरा खांद्यावरून लोंबत होता. सोलापुरात एका थेटरानं एक दिवस, सकाळचा एक खेळ दिला. माणसं चाळीसेक, त्यातली निम्मी पाव्हणे. बाळाबाई पुढच्या रांगेत बसली. पदराचं टोक मुठीत घेऊन वाट बघू लागली.

बाभूळ आली. धनगर आडवा झाला. बाळाबाईनं पदर डोळ्यांजवळ नेला, तोंड उघडलं, आणि पडद्यावरचा सिद्धराम हात टेकून उठला. घोंगडं झटकलं, हाळी दिली. मेंढरांच्या मागून टेकाड चढून पलीकडं दिसेनासा झाला. थेटरातले दिवे लागले.

माणसं टाळ्या वाजवत होती. ती तशीच बसून राहिली. सिद्धराम भिंतीला धरत धरत तिच्यापाशी आला आणि शेजारी टेकला.

"उठलास की रं," ती म्हणाली. "आता मी रडू कशावर?"

त्यानं जरा दम घेतला. तिच्या मुठीतलं पदराचं टोक हळूच सोडवलं.

"एकतीस वेळा मेलो, आये. एकात तरी मला जिता ऱ्हाऊ दे की."

सोलापूरच्या डॉक्टरनं सिद्धरामला सगळं भुवनेश्वरीच्या हळदीच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं. घरात ते एकट्या वैजयंतीला ठाऊक होतं. सिद्धराम त्याच साली फाल्गुनात, धुळवडीच्या दिवशी सकाळी गेला.