नातीची खुर्ची

नातीच्या पहिल्यावहिल्या प्रदर्शनात काय, तर एक रिकामी खुर्ची आणि समोर कॅमेरा! जगभरातली माणसं म्हणे ती खुर्ची मोबाइलवर तासन्‌तास बघतात. "कामधंदे नाहीत मेल्यांना," म्हणत मी सरळ तिच्यात बसले. पाय भरून आले होते.

मोबाइलवर लोकांचे निरोप वाचता वाचता नातीचा चेहरा पांढराफटक पडला. "आजी, ऊठ!"

"का गं? मोडली का तुझी कला?"

"लोक विचारतायत, रोजच्या बाईंच्या मांडीवर ही कोण येऊन बसली?"

मी ताडकन उठले. माझी थट्टा करायची अजून कुणाची छाती झालेली नाही. दाराशी जाऊन दरडावलं, "आता काय म्हणतायत तुझे रिकामटेकडे?"

नात मोबाइलकडे बघत पुटपुटली, "विचारतायत... दोघी कुठे निघाल्या?"