राणीची खिडकी

तळ्याकाठचा राजवाडा लोकांना दाखवण्यात गाईडची उभी हयात गेली, पण बायकोला आणि मुलीला घेऊन तो आज पहिल्यांदाच आला. "आज तुम्ही तोंड उघडायचं नाही," ही बायकोची अट, म्हणून माहिती सांगायला त्याचाच चेला सोबत होता. तळ्यावरच्या खिडकीपाशी चेला रंगात आला.

"इथे राणीसाहेब रुसून बसल्या होत्या. महाराज न कळवता दहा पाहुणे जेवायला घेऊन आले. राणीसाहेबांनी हूं की चूं न करता सगळ्यांना वाढलं, आणि मग जो अबोला धरला…"

गाईड घाईघाईने मुलीला तळ्यातली बदकं दाखवू लागला.

"राणी स्वतः उपाशी झोपली, ते राहिलं सांगायचं," बायको म्हणाली.

"ते दादांनी कधी शिकवलं नाही, वहिनी."

"नसेल शिकवलं. पुढे काय झालं?"

"पुढे महाराज स्वतः इथे आले, सगळ्यांसमोर 'चुकलो' म्हणाले, तेव्हा कुठे राणीसाहेब उठल्या."

"अस्सं." बायको खिडकीत ऐसपैस बसली आणि तिने पर्स मांडीवर घेतली. "मग मी इथेच आहे. महाराजांना म्हणावं, सावकाश या."